एक गाडी बाकी

त्याची गाडी बंद पडली ती नेमकी माझ्या काट्यावर.

बंद पडायला अख्खं गाव मोकळं होतं. पुलाकडचा रुंद रस्ता होता, तळ्याकाठचं मैदान होतं, शाळेमागची सावली होती. पण नाही! सुगीचा ऐन दिवस, मक्यानं भरलेल्या चौदा ट्रॉल्या रांगेत, वर आभाळ दाटून आलेलं... आणि वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर मधोमध ही पांढरी, पोट सुटलेली, आत बिऱ्हाड मांडलेली घरगाडी. हुंदका दिल्यासारखी एकदा हलली आणि गप्प झाली.

"अहो! काट्यावरून गाडी खाली घ्या!" मी खोलीच्या खिडकीतून ओरडले.

गाडीतून एक डोकं बाहेर आलं. केसांत गवताची काडी, गालावर ग्रीसचा पट्टा.

"घेतली असती," ते डोकं म्हणालं, "पण ती ऐकत नाही."

"मग ऐकवा तिला."

"सकाळपासून ऐकवतोय. आता तुम्हीच सांगून बघा. तुमचा आवाज चांगला लागलाय."

रांगेतले दोन-चार जण हसले. माझ्या गावचे, माझ्या रांगेतले! मी तावातावानं बाहेर आले.

"वजन करायचं होतं का?"

"नाही."

"मग काट्यावर कशाला चढलात?"

"मला वाटलं, फाटक आहे."

"फाटक तिकडे! एवढा मोठा बाण काढून ठेवलाय, दिसला नाही?"

"दिसला ना. पण त्या वाटेनं जायची माझी अजून तयारी नाही."

मी वळून पाहिलं. वाऱ्यानं पाटी फिरली होती आणि बाण सरळ आभाळाकडे झाला होता. देवाशपथ सांगते, त्या पाटीचा मला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

"ए काटा!" रांगेतून लाल ट्रॅक्टरवाले काका ओरडले. "मका आज मोजतेस का त्याला कोंब फुटल्यावर?"

हो, गावात मला 'काटा' म्हणतात. बाबांच्या जागी वजनकाट्याच्या खोलीत मी बसते म्हणून, असं मी समजते. गावाचं म्हणणं जरा वेगळं आहे.

एवढ्यात थेंब आले. आधी चार, मग मोजता येणार नाहीत इतके. सगळ्यांनी धावाधाव करून ट्रॉल्यांवर ताडपत्र्या ओढल्या. काकांची ताडपत्री मात्र घरी राहिली होती. ते ट्रॉलीच्या बाजूला नुसतेच उभे राहिले. वर्षभराचं धान्य डोळ्यांदेखत भिजायला लागलं की माणसाचा आवाजच जातो.

तोवर गाडीखाली शिरलेला तो बाहेर सरपटत आला. आभाळाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग आपल्या घरगाडीच्या बाजूचं गुंडाळलेलं कापडी छत त्यानं दोन खिळे उपटून सोडवलं, ट्रॉलीवर चढला आणि मक्यावर पसरून चारही टोकं बांधून टाकली. स्वतः उघड्यावर भिजत.

"माणूस चांगला आहे गं," काका म्हणाले.

"चांगला आहे तर काट्यावरून उतरू दे ना!"

शेवटी चौदा शेतकऱ्यांनी खांदा लावला तेव्हा ती पांढरी बया हलली आणि आमच्या आवारात जाऊन इतर दहा घरगाड्यांच्या शेजारी विसावली.

तर, हा ताफा हौशी फिरस्त्यांचा. दरवर्षी सुगीत, डोंगराकडून समुद्राकडे जाताना, अकरा घरगाड्या चार दिवस आमच्या आवारात मुक्काम करतात. जागा बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी दिली आणि दिलेली गोष्ट बाबा परत घेत नाहीत. मग काय विचारता! काट्याच्या कठड्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळतात. नळाखाली सकाळपासून बादल्यांची रांग. ताफ्याचे म्होरके, एक निवृत्त कॅप्टन, पहाटे शिट्टी वाजवून सगळ्यांना व्यायाम करायला लावतात आणि त्यांत बाबाही असतात. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, स्वयंपाकघराच्या दारात बसून प्रत्येक घरगाडीत लग्नाचं कोण आहे याची चौकशी करते. तिच्या चौकशीतून एकदा कॅप्टनसुद्धा सुटले नव्हते.

त्या संध्याकाळी रांग संपली. मी यंत्र बंद करायला गेले तर ते बंद होईना. पडद्यावर अक्षरं लुकलुकत होती: 'एक गाडी बाकी'. आणि टूं... टूं... टूं.

आता काट्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडी काट्यावर दोनदा चढते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोहोंतला फरक म्हणजे माल. एकदाच चढून गेली, तर यंत्राच्या लेखी ती गाडी अजून यायची असते. ती आल्याशिवाय ते झोपत नाही. आणि दुपारी त्या गोंधळात माझ्या बोटानं, सवयीचं गुलाम ते, ती पांढरी गाडी पाटावर येताच बटण दाबलं होतं. पहिलं वजन: दोन हजार तीनशे चाळीस किलो.

'रद्द' नावाचं एक बटण असतं. तेही सांगून ठेवते.

मी ते दाबलं नाही. म्हटलं, चूक त्याची, निस्तरायला तो यायला हवा. तत्त्वाचा प्रश्न होता.

मी आवारात गेले. तो पायरीवर बसून हात धूत होता.

"तुमची गाडी माझ्या यंत्रात अडकलीय."

त्यानं वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. "अख्खी?"

"अर्धी." मग मी त्याला सगळं समजावलं.

"म्हणजे पुन्हा काट्यावर चढल्याशिवाय सुटका नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

"नाही."

"कुणाची? तुमची का माझी?"

"यंत्राची!"

"बरं बरं." तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त बारीक होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि लक्षात आल्याचाही मला राग आला. "उद्या सकाळी येतो."

"'येतो' म्हणायचं नाही."

"अं?"

"माझ्या आवारात 'येतो' म्हणायचं नाही. काम करायचं असेल तर करा. जायचं असेल तर 'जातो' म्हणा."

मागून आत्याचा आवाज आलाच. "अगं, 'जातो' काय! निघणाऱ्या माणसाच्या तोंडी असा शब्द घालतात का? जीभ कशी रेटते तुझी?"

आपल्या बोलीत निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि निरोप देणारा म्हणतो, 'या'. म्हणजे निघतानाच परत येणं पदरात टाकून जायचं. एखाद्या कथेकरी बुवांनी या एका शब्दावर तासभर निरूपण करावं आणि श्रोत्यांचे डोळे भरून यावेत, इतका गोड शब्द. ज्यानं ही रीत घातली तो देवमाणूसच असणार. पण त्याच्या आवारात दरवर्षी अकरा घरगाड्या उतरत नसणार.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा ताफ्यातल्या एका मावशींनी सांगितलं, "पुढच्या वर्षी तुला कुत्र्याचं पिल्लू आणते हं. येते!" मी खोक्यात पोतं अंथरून ठेवलं. दोन वर्षं. तेराव्या वर्षी माझ्याच वयाची एक मैत्रीण माझी गोष्टींची पुस्तकं वाचायला घेऊन 'येते' म्हणाली. तिच्यासाठी मी वर्षभर गमती साठवल्या होत्या. विसाव्या वर्षी एक फोटो काढणारा होता... त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं घडायला तो परत यायला हवा होता.

ताफा दरवर्षी येतो, माणसं बदलतात. शब्द तेवढा तोच. मी तेव्हापासून कुणाला 'या' म्हटलेलं नाही. लोक 'येतो' म्हणतात, मी फाटकाची कडी लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो येणार होता. आला नाही.

मी खिडकीतून पाहत होते. म्हणजे रांगेकडे पाहत होते, मध्ये तो दिसत होता. गाडी सुरू करून तो काट्याच्या दिशेनं निघाला आणि वाटेत लाल ट्रॅक्टरवाल्या काकांनी त्याला गाठलं. त्यांचा ट्रॅक्टर धूर सोडत होता. आमचे जुने मिस्त्री वर्षापूर्वी लेकीकडे कायमचे राहायला गेले, त्यांची शेड आमच्या आवाराला लागूनच कुलूप घालून उभी आहे. तेव्हापासून गावात नटबोल्ट आवळायचा तरी ट्रॅक्टर दोन तास ओढत शहरात न्यावा लागतो. त्यानं अर्ध्या तासात काकांचा धूर थांबवला. मग काय, गूळ दिसला, मुंगळे धावले. कुणाचा पंप, कुणाचं मळणीयंत्र, कुणाची नुसतीच कुरकुर.

"वजन!" मी खिडकीतून.

"आलोच!" तो कुणाच्या तरी ट्रॅक्टरखालून.

संध्याकाळी टूं... टूं... टूं.

"हे काय सारखं वाजतंय?" बाबांनी विचारलं.

"शेपूट अडकलंय," मी म्हटलं.

कारण ताफ्यात त्याला 'शेपूट' म्हणतात हे मला आत्याकडून कळलं होतं. त्याची गाडी सगळ्यांत शेवटी. वाटेत जो बंद पडेल, मागे राहील, त्याला दुरुस्त करून, ओढून, समजूत घालून मुक्कामी पोचवायचं, हे त्याचं काम. आत्यानं आणखीही बरंच काढलं होतं. आईवडील नाहीत, चुलत्यांच्या गॅरेजमध्ये वाढला, लग्न नाही, भाजी निवडून देतो.

"भाजी निवडून देतो?" मी म्हटलं. "त्याला माझ्या काट्यावर यायला वेळ नाही आणि तुझी भाजी निवडायला आहे?"

"अगं, माझं स्वयंपाकघर वाटेत लागतं," आत्या शांतपणे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मात्र तो आला. पायी. हातात हातोडी.

"गाडी कुठाय?"

"आधी तुमची पाटी. नाहीतर पुढचा माणूस सरळ वर जायचा."

तो शिडीवर चढला आणि बाण फाटकाकडे वळवून ठोकू लागला. पावसानं धुतलेली उन्हं पडली होती. मी खाली शिडी धरून उभी. नाइलाज होता, आमची शिडी डुगडुगते.

"एक विचारू?" तो वरून म्हणाला.

"खिळे ठोका."

"ठोकतोय. 'येतो' या शब्दानं तुमचं काय घोडं मारलंय?"

का सांगितलं कोण जाणे. पिल्लाचं सांगितलं, खोक्यातल्या पोत्याचं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं. फोटोवाल्याचं एका वाक्यात उरकलं. वरची ठोकाठोक कधी थांबली ते कळलं नाही.

"मी सगळ्यांत शेवटी असतो," तो म्हणाला. "पुढच्या दहा गाड्यांना गावोगाव हात हलवणारे लोक दिसतात. मला... त्यांनी हात खाली घेतल्यानंतरचे चेहरे दिसतात. ताफा गेला असं समजून लोक वळतात ना, तेव्हा मी मागून जात असतो."

मी शिडी जरा घट्ट धरली.

"गेल्या वर्षी मी पहिल्यांदा इथून गेलो. वाटेत एका गाडीशी अडकल्यानं मुक्काम हुकला, पोचलो तेव्हा ताफा निघत होता. सगळं गाव हात हलवत होतं. तुम्ही एकट्या नव्हता हलवत. पण सगळे वळून घरी गेले आणि तुम्ही कडी लावून तिथंच उभ्या होता, फाटकाच्या गजांना धरून. तेव्हा वाटलं, या बाईनं नक्कीच..."

"काय?"

"काही नाही. खिळा द्या."

मी खिळा दिला. देताना बोटाला बोट लागलं, ग्रीसचा काळा ठिपका माझ्या बोटावर आला. तो मी लगेच पुसला नाही, याला कारण जवळ फडकं नव्हतं.

उतरताना तो माझ्या खिडकीवरचा कागद वाचत थांबला. मोठ्या अक्षरांत मीच लिहिलेला: 'या महिन्याची अठ्ठावीस तारीख, सकाळी अकरा. काट्याची सरकारी तपासणी.'

"तेव्हा काय असतं?"

"साहेब येतात, वजनं ठेवून काटा तपासतात, शिक्का मारतात. त्या दिवशी यंत्र कोरं लागतं. एकही गाडी बाकी चालत नाही. म्हणून म्हणतेय, उद्या निघायच्या आधी..."

"कळलं," तो म्हणाला. "अठ्ठावीस."

"अठ्ठावीस नाही, उद्या!"

"हो हो," असं म्हणत तो आत्याच्या स्वयंपाकघराकडे गेला. पुन्हा वाटेत लागलं असणार.

चौथ्या दिवशी सकाळी ताफा निघाला. शिट्ट्या, हॉर्न, राहिलेल्या टॉवेलांची शोधाशोध. दहा घरगाड्या ओळीनं फाटकाबाहेर पडल्या. 'येतो हं', 'येते बरं का', 'पुढच्या वर्षी येतो!' मी ऐकून घेतलं. माझं लक्ष अकराव्या गाडीवर होतं. मी सकाळीच पाट झाडून ठेवला होता. खोलीत जाऊन पडदा पुसला होता. केसही नीट बांधले होते, ते नेहमीच बांधते.

पांढरी गाडी सुरू झाली. काट्यापर्यंत आली... आणि वळली. फाटकाकडे.

"अहो! वजन!"

तो फाटकात थांबला. पुढच्या वळणावरून कुणाचा तरी लांबलचक हॉर्न येत होता, ताफ्यातलं कुणीतरी निघाल्या निघाल्याच बंद पडलं होतं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे पाहिलं. त्याचा डावा डोळा बारीक नव्हता, दोन्ही डोळे अगदी सरळ होते.

मला माहीत होतं तो काय म्हणणार. सगळे तेच म्हणतात. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या ओठांवर, खरंच सांगते, 'या' येऊन बसलं होतं.

"जातो," तो म्हणाला.

आणि गेला.

मी फाटकाशी उभी. धूळ खाली बसली तरी उभी.

"'जातो' म्हणाला!" मी आत्याला म्हटलं. "सरळ तोंडावर 'जातो' म्हणाला! काही रीतभात?"

"तूच शिकवलंस," आत्या म्हणाली. "गुणी मुलगा. सांगितलेलं ऐकतो."

पुढचे तीन आठवडे त्या यंत्रानं माझा जो छळ मांडला तो वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये. सकाळी चालू केलं की 'एक गाडी बाकी'. संध्याकाळी बंद करताना टूं... टूं... टूं. त्यावर मी पोतं टाकून पाहिलं, उशी ठेवून पाहिली. आवाज उशीतूनही यायचा, फक्त जरा रडका होऊन. सुगी सरली, रांगा आटल्या, काट्यावर चिमण्या बसायला लागल्या. चिमणीचं वजन यंत्र धरत नाही. ज्याचं धरलं होतं तो कुठल्या समुद्राकाठी शेपूट हलवत बसला होता देव जाणे.

"रद्द कर की," बाबा एकदा म्हणाले.

"ते बटण बिघडलंय."

बाबा खोलीत आले, चष्मा लावून बटण निरखून पाहिलं. "बटण ठीक आहे," ते म्हणाले. "बोट बिघडलंय."

आणि गुणगुणत निघून गेले. त्यांना सकाळपासून कसलंसं भजन सुचत असतं, आणि नेमका असल्या वेळी त्यांचा आवाज खुलतो.

गावालाही ऊत आला होता. लाल ट्रॅक्टरवाले काका ते कापडी छत घडी घालून सांभाळून बसले होते. "त्याचं आहे, त्याला द्यायचंय," असं येता-जाता मला ऐकवायचे. "तो येणार नाहीये," मी म्हणायचे. "असं कसं? छत माझ्याकडे आहे ना!" जणू छत विसरलेला माणूस देवानं बांधूनच ठेवलेला असतो. मिस्त्रींच्या बंद शेडमधून दोनदा झाडल्याचा आवाज आला. आत्याला विचारलं तर म्हणाली, "उंदीर." झाडू मारणारे उंदीर मी पहिल्यांदाच ऐकले.

सत्तावीस तारखेला रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

अठ्ठावीसला साहेब साडेदहालाच हजर. बारीक अंगाचे, हातात जाड पिशवी. टेम्पोतून लोखंडी वजनं उतरवून घेतली, पाटाचे चारही कोपरे तपासले. काटा चोख निघाला. मग ते खोलीत आले, पडद्याकडे पाहिलं.

"हे काय? एक गाडी बाकी?"

"हो."

"कधीची?"

"या महिन्याचीच. चार तारखेची."

"आज अठ्ठावीस आहे, ताई. मका घेऊन गेला आणि परत आलाच नाही?"

"मका नव्हता साहेब. नुसताच..." मी उगाच पडदा पुसला. "नुसताच आला होता."

"मग रद्द करा. त्याशिवाय मला शिक्का मारता येणार नाही. आणि शिक्क्याशिवाय उद्यापासून तुमचा काटा बंद. आज लवकर आलो ते अकराला पुढच्या गावी निघायचंय म्हणूनच."

दहा छप्पन झाले होते. काटा बंद म्हणजे साऱ्या गावाचा खोळंबा, आणि तो माझ्या एका हट्टापायी. असला हट्ट मी कुणाच्या जिवावर करणार होते? कुणी वचन दिलं होतं मला? उलट, जाताना स्पष्ट सांगून गेला होता. एवढा खरं बोलणारा माणूस पंधरा वर्षांत ताफ्यात झाला नव्हता.

मी बटणावर बोट ठेवलं. देवा, म्हटलं, निदान हे बटण तरी खरंच बिघडलेलं असू दे...

पडद्यावरचे आकडे हलले.

आधी वाटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून. पण आकडे चढतच होते. आठशे... सोळाशे... दोन हजार. बाहेर लोखंडी पाट कण्हला. आणि ओळखीचा एक हुंदका देऊन एक इंजिन बंद झालं.

दोन हजार एकशे पन्नास.

मी खिडकीतून पाहिलं नाही. मला पाहताच येईना. पायरीवर पावलं वाजली, दारात येऊन थांबली.

"आलो," तो म्हणाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कोण हे?"

"बाकी गाडी," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण रांगेवर ओरडणारा नव्हता. मग मात्र चोवीस दिवसांचा सगळा संताप एकदम वर आला. "तुम्हाला लाज नाही वाटत? चोवीस दिवस! रोज टूं टूं टूं! चार दिवस सांगत होते वजन करा, वजन करा! का नाही केलंत?"

"केलं असतं तर यंत्र मला विसरलं असतं," तो म्हणाला. "पण... तुम्ही रद्द का नाही केलंत? आत्या म्हणाल्या, एका बटणाचं काम आहे."

मी आत्याकडे पाहिलं. ती कधीच येऊन खिडकीबाहेर उभी होती. शेजारी बाबा. त्यांच्या मागे लाल ट्रॅक्टरवाले काका, हातात घडी घातलेलं छत.

"बटण बिघडलं होतं," मी म्हटलं.

"ताई, हे बटण तर..." साहेब सांगायला लागले. खिडकीतून बाबांनी त्यांना गप्प राहायची खूण केली.

"आणि 'जातो' का म्हणालात?" हे मात्र माझ्या तोंडून फार हळू आलं.

तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. गालावर आजही ग्रीस होतं.

"'येतो' म्हणून न आलेले तुम्ही पंधरा वर्षं बघितलेत," तो म्हणाला. "म्हटलं, 'जातो' म्हणून आलेला एक तरी बघावा."

बाहेर काकांनी नाक ओढलं.

"तसं 'येतो' म्हणालाय तो," आत्या बाहेरून म्हणाली. "मला. स्वयंपाकघर काही तुझ्या आवारात येत नाही. आणि मी 'या' म्हटलं. मिस्त्रींच्या शेडची किल्लीही माझ्याकडेच होती, शेड याला द्यायची म्हणून झाडूनही ठेवली. ताफ्याला समुद्रापर्यंत पोचवून, काम दुसऱ्याच्या हाती देऊन यायला वेळ लागणारच की माणसाला."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?"

बाबा आभाळाकडे पाहू लागले. पाटीवरचा बाण आता तिकडे नव्हता, तरीही.

"उंदीर!" मी आत्याला म्हटलं. "झाडू मारणारे उंदीर!"

"अहो, ते नंतर," साहेब वैतागून म्हणाले. त्या दिवशी माझ्याइतकंच वैतागलेलं आणखी कुणीतरी होतं, याचं मला तेवढंच समाधान. "पावती पूर्ण करा. पहिलं वजन तेवीसशे चाळीस, दुसरं एकवीसशे पन्नास. फरक एकशे नव्वद किलो. माल काय उतरवला?"

यंत्रावर तशी एक जागा असते. 'मालाचा प्रकार'. ती भरल्याशिवाय पावती निघत नाही.

"काय उतरवलंत?" मी विचारलं.

"ताफ्याची अवजारांची पेटी. दोन जादा चाकं. ओढायची साखळी." तो थांबला. "आणि शेपूट."

साहेबांनी हात जोडले. "ताई, एक शब्द लिहा. कुठलाही."

मी लिहिलं. काय ते सांगणार नाही. ती पावती आत्यानं देवघरात ठेवली आहे, आणि देवाला सगळं कळलेलं असलं तरी गावाला कळायलाच हवं असं नाही.

पावती निघाली. पडदा कोरा झाला. साहेबांनी शिक्का मारला आणि पिशवी उचलून पळालेच. जाताना सवयीनं म्हणाले, "येतो."

"या," मी म्हटलं. कित्येक वर्षांनी. पुढच्या वर्षी हेच येतील की दुसरेच कुणी, देव जाणे. पण तेवढ्यासाठी एका गोड शब्दाला किती दिवस उंबऱ्याबाहेर ठेवायचं?

तो अजून दारातच होता. इतका वेळ बोलला, पण पाऊल आत टाकलं नव्हतं. बोटांनी चौकट धरलेली, चौकटीवर ग्रीसचे पाच ठिपके. पुसायला मलाच लागणार होते.

"येऊ?" त्यानं विचारलं.

मी त्याला पहिल्या दिवसापासून 'अहो' म्हणत होते. भांडतानासुद्धा 'अहो', 'तुम्ही', 'करा', 'थांबा'. आता तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच हाताशी लागेना. एवढंसं एक अक्षर तेवढं उरलं होतं.

"ये," मी म्हटलं.